कोपरा नसलेलं पाकीट

१

आधी एक गोष्ट ठणकावून सांगते. पाकिटं मी अख्खी पाठवली होती. चारही कोपरे असलेली. पुढे पोस्टानं, नणंदेनं आणि खुद्द माझ्या वहीनं मला खोटं पाडलं, पण मी माझं म्हणणं सोडलेलं नाही.

मी सातपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे वेळापत्रकात शिकवते. प्रत्यक्षात परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताच्या सरांना देऊन टाकतात आणि मला फळ्यावर सुविचार रंगवायला बसवतात. म्हणून रविवार तेवढा माझा. रविवारी मी जुन्या पत्रांची पाकिटं करते. अनोळखी माणसांची हस्ताक्षरं, पिवळी पडलेली आंतरदेशीय पत्रं, वापरलेली तिकिटं, सगळं कापायचं, खळीनं चिकटवायचं, वर पातळ रंगाचा हात द्यायचा. आत हातानं लिहिलेलं पत्र घालायचं आणि रीतसर तिकीट लावून पाठवायचं. दर खेपेला एक पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर, कारण टपालाचा शिक्का बसल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

शेजारच्या गोजराकाकू याला कागदाचा कचरा म्हणतात. त्या माझ्या नवऱ्याच्या चुलत काकू, आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. रोज पहाटे पाचला आंघोळ करतात आणि दिवसभर ते चार जणांना ऐकवतात. त्यांच्याकडून मी कलेची पारख शिकणार नव्हते.

महेशला, माझ्या नवऱ्याला, मात्र या उद्योगाचं कौतुक. तो कारखान्यात प्रेसवर काम करायचा. ब्याण्णव साली त्या प्रेसनं त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नेलं होतं. त्याच कारखान्यातून त्यानं मला पाकिटं दाबून ठेवायला एक लोखंडी ठोकळा आणून दिला होता.

फेब्रुवारी नव्व्याण्णवच्या पहिल्या रविवारी फकिरा हातगाडी घेऊन दारात आला. फकिरा रद्दीवाला, माझ्यासाठी हातानं लिहिलेले कागद बाजूला ठेवायचा. त्या दिवशी त्यानं पत्रांची अख्खी तार आणली होती. पूर्वी घरोघरी असायची तशी, खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि मध्ये भोसकून ठेवलेली तीस-चाळीस वर्षांची पत्रं. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

"बाई, यात एक कोपरा फाटलेलं कार्ड हाय," फकिरा म्हणाला. "ते दारातच फाडा, मंग तार घरात न्या."

"मग तूच का नाही फाडलंस?"

"मला कुठं वाचता येतंय? वाचून फाडायचं असतंय ते. नुसतं फाडून नाय चालत."

आता ही पद्धत मला ठाऊक नव्हती असं नाही. कुणी गेल्याचं कळवायचं असलं की कार्डाचा एक कोपरा फाडून पाठवायचे, म्हणजे घेणाऱ्याला वाचायच्या आधीच समजायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, फाडून टाकायचं, आंघोळ करायची. तसलं कार्ड घरात ठेवत नाहीत. हे कुणीतरी ठेवलं होतं, तारेला लावून, इतर पत्रांच्या मधोमध.

पण काय कार्ड होतं! जांभळी शाई, बोरूसारखं ठसठशीत अक्षर, कडा चहासारख्या तांबूस झालेल्या. असली चीज मी फाडून नालीत टाकायची? मी फकिराला म्हटलं, तुझं तू बघ, माझं मी बघते.

कात्री घेतली आणि कार्डाचे चार तुकडे केले. एकावर होतं 'कळविण्यास अत्यंत दुःख होते'. दुसऱ्यावर 'बुधवारी दुपारी'. तिसऱ्यावर 'वाचताच फाडणे'. चौथा तुकडा नावाचा. तो वापरायचा नाही एवढी सभ्यता मला आहे. तो मी कात्रणांच्या बिस्किटाच्या डब्यात टाकला.

महेश चहा पीत बघत होता. डावा हात वर करून म्हणाला, "मला पण घे की एखाद्या पाकिटात. मी पण कोपरा फाटलेलाच आहे."

आम्ही दोघंही हसलो. ते हसणं आता आठवलं की माझाच मला राग येतो.

२

तीन पाकिटं झाली. पहिलं हरसूलला लताबाईंना, म्हणजे माझ्या नणंदेला. आत स्वेटरच्या मापाचं पत्र. दुसरं वणीला आक्काबाईंना. त्या माझ्या लहानपणच्या शिक्षिका, मला पत्र लिहायची गोडी त्यांनी लावली. तिसरं मला स्वतःला. प्रत्येकावर त्या कार्डाचा एकेक तुकडा, रंगाखाली अर्धा दडलेला.

माझी पाकिटं मी पेटीत टाकत नाही. सोमवारी आमचे पोस्टमन मोतीराम आले तेव्हा त्यांच्या हातात दिली. दर वेळी सांगते तसं सांगितलं, शिक्का हलक्या हातानं मारायला लावा, शाई फासू नका. एरवी मोतीराम यावर काहीतरी टोमणा मारतात. त्या दिवशी काही बोलले नाहीत. पाकिटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चपला न वाजवता फाटकाबाहेर गेले.

मला वाटलं, असेल बायकोशी भांडण.

३

गुरुवारी मी शाळेतून आले तर लताबाई ओट्यावर बसलेल्या. केस ओले, पांढरं पातळ, पिशवी मांडीवर. हरसूलहून एसटीनं दोन तास येऊनही केस वाळलेले नव्हते. मला बघताच त्यांनी हंबरडा फोडला.

"कधी झालं गं? कसं झालं?"

"काय कसं झालं?"

त्यांनी पिशवीतून माझं पाकीट काढलं. खालचा उजवा कोपरा नव्हता. कापलेला नाही, फाडलेला. ओल्या बोटांनी फाडल्यासारख्या कडा लोंबत होत्या.

"वन्सं, आत स्वेटरचं माप लिहिलंय! तुम्ही वाचलं तरी का?"

"कोपरा बघितला आन हातपाय गळाले माझे. पुढचं कशाला वाचू? आंघोळ केली आन निघाले."

मला इतका संताप आला की काय सांगू. सख्ख्या भावाच्या घरचं पत्र, आणि बाई आधी आंघोळ करते! गोजराकाकूंकडे फोन करायचा, माणूस पाठवायचा, काही नाही. आधी आंघोळ, मग माणूस. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं.

तेवढ्यात महेश कामावरून आला. लताबाईंनी त्याला धरलं, चेहऱ्यावरून हात फिरवला, बोटं मोजली. तो हसून म्हणाला, "ताई, खोटी बातमी उठली म्हणजे माझं आयुष्य वाढलं बघ." त्यानं त्यांना चहा पाजला, जेवायला घातलं. संध्याकाळच्या गाडीला त्यांना सोडायला निघालो तेव्हा त्या फाटकात अडल्या.

"सगळं खरं," त्या हळूच म्हणाल्या, "पण मी तर आंघोळ करून बसले ना. ती आंघोळ कुणाची म्हणायची?"

४

शुक्रवारी मी पोस्टात गेले. टेबलावर पाकीट आपटलं आणि म्हटलं, हे काय आहे? लोकांच्या टपालाचे कोपरे फाडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

खिडकीमागच्या गृहस्थांनी पाकिटाला हात लावला नाही. खुर्ची थोडी मागे घेतली. "मॅडम, पोस्ट कोपरा फाडत नाही. ज्याच्या घरचं असतं तो फाडतो."

"मी फाडला नाही."

"मग तक्रार लिहून द्या."

मी दोन पानं तक्रार लिहिली. बाहेर मोतीराम सायकलला पिशवी अडकवत होते. मी त्यांना गाठलं. ते माझ्या नजरेला नजर देईनात.

"बाई, तुम्ही सोमवारी दिली तेव्हाच कोपरे नव्हते," ते म्हणाले. "म्हणून तर मी काही बोललो नाही. मला वाटलं, घरात काहीतरी झालंय."

"तिन्हींचे?"

"दोनांचे. तिसरं तुमच्या नावाचं होतं, ते चांगलं होतं."

"मग ते तिसरं आहे कुठं? गावातल्या गावात पाच दिवस लागतात?"

"येईल की," मोतीराम म्हणाले, आणि सायकलवर न बसता ती हातानं ढकलत निघून गेले.

माझ्याकडे पुरावा होता. मी प्रत्येक पाकीट पाठवायच्या आधी वहीवर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड काढून घेते, खाली तारीख, पत्ता आणि कुठले तुकडे वापरले ते लिहिते. ही सवय मला अनेक वर्षांची आहे. घरी येऊन वही उघडली. सात फेब्रुवारी. हरसूल. चौकोनाच्या तीन बाजू सरळ, आणि खाली उजवीकडे माझी पेन्सिल आत वळलेली, खडबडीत, फाटक्या कडेवरून फिरते तशी. खालच्या पानावर वणी. तेच.

मी स्वतःला बजावलं की घाईत हात हलला असेल. पण पंधरा वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या बाईचा हात दोनदा एकाच जागी हलत नाही. हे मला कळत होतं, आणि कळतंय याचाच राग येत होता.

तिसरा चौकोन मात्र पुरा होता. चारही कोपरे काटकोनात.

५

सोमवारी वणीहून आक्काबाईंचं कार्ड आलं. वीस वर्षं त्या मला 'चि. सौ. भाग्यश्री' असं लिहीत आल्या. या कार्डावर पत्ता होता, 'श्रीमती भाग्यश्री महेश थेटे'.

आमच्याकडे घरच्या पत्रात नवरा असलेल्या बाईला कुणी श्रीमती लिहीत नाही. शाळेच्या कागदावर लिहितात ते वेगळं. आक्काबाईंनी मुळीच लिहिलं नसतं. त्या पत्त्यात स्वल्पविराम चुकला तरी नवं कार्ड घेणाऱ्या.

मजकूर दोनच ओळींचा होता. 'बातमी कळली. धीर धर, मी उठबस करू शकत नाही म्हणून येत नाही.' वर तारीख घातली होती, १७ फेब्रुवारी, बुधवार.

त्या दिवशी पंधरा तारीख होती.

म्हाताऱ्या बाईची चूक, मी मोठ्यानं म्हटलं. ऐकायला घरात कुणी नव्हतं. मग मी बिस्किटाचा डबा जमिनीवर पालथा केला. नावाचा तुकडा शोधायचा होता. एकदा ते नाव बघितलं की संपलं असतं, कुणीतरी तीस वर्षांपूर्वी गेलेला अनोळखी माणूस. मी एकेक कात्रण उलटून पाहिलं. तिकिटं, बिलं, कुणाच्या तरी सह्या. जांभळी शाई कुठेच नव्हती.

आणि नाव मला आठवेना. मी ते वाचलं होतं, त्याच्या कडेनं नीट कात्री फिरवली होती. पुरुषाचं होतं. लहान होतं, तीन अक्षरी असावं. त्यापुढे डोकं चालायचंच नाही.

महेश आला तेव्हा मी तशीच पसाऱ्यात बसले होते. कार्ड मी पोलक्यात खुपसलं. "काय हरवलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

६

बुधवारी त्याची पहिली पाळी होती. सहा वाजता तो डबा भरून घेत होता आणि मी दारात उभी होते.

"आज दांडी मार," मी म्हटलं.

"का गं? कशाला?"

सांगायचं काय होतं? कोपरा नाही, तारीख चुकली, एक नाव आठवत नाही. आठवडाभर मी लताबाईंना, पोस्टाला, फकिराला अडाणी म्हणत होते. आता मीच त्या रांगेत जाऊन उभी राहू? एक वाक्य बोलायचं होतं, मला भीती वाटतेय. ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हटलं, "सहज. नळाचं काम करायचं होतं."

"रविवारी करू," तो म्हणाला. स्कूटरला किक मारली आणि गेला.

मी शाळेत रजा कळवली आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. माझं ठरलं होतं. तिसरं पाकीट आज येणार. मोतीरामांच्या हातातूनच घ्यायचं, दारातच फाडायचं, नालीत टाकायचं. मग सगळ्यांना फैलावर घ्यायचं. समोरचा रस्ता पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवला होता, तरी मी नजर हलवली नाही. नऊ वाजले, दहा वाजले. पाणी प्यायलासुद्धा आत गेले नाही.

साडेअकराला मोतीराम कोपऱ्यावर दिसले, जाताना. मी हाक मारली. ते मातीच्या ढिगापलीकडेच थांबले.

"माझं पाकीट?"

"मघाशीच दिलं की. इकडून रस्ता नाही, मागच्या गल्लीनं आलो होतो. मागच्या दारात साहेबांनी घेतलं."

"साहेब कामावर आहेत."

मोतीरामांनी पिशवी खांद्यावर सावरली. "माणूस नाही दिसला," ते म्हणाले. "दार थोडं उघडलं, हात आला. ओला होता, म्हणून पाकीट जपून दिलं. वाटलं, आंघोळ चाललीय."

७

घरात ऊन होतं. खिडकीतून नेहमीसारखं जमिनीवर पडलेलं, ठोकळ्याखाली दाबलेल्या पाकिटांपर्यंत. मागचं दार आतून लावलेलं होतं. न्हाणीघराचंही. आणि आत तांब्यानं पाणी घेतल्याचा, अंगावर ओतल्याचा आवाज येत होता, सावकाश, एकामागून एक.

स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर माझं पाकीट होतं. उघडलेलं. शिक्का हलक्या हातानं मारलेला, अगदी मला हवा तसा. चारही कोपरे शाबूत. आत मी घातलेलं पत्र नव्हतं. एक लहान पट्टी होती, पालथी, आणि कागदातून पलीकडची जांभळी शाई दिसत होती.

मी ती उलटली नाही. पाकिटासकट घेतली आणि फाडली. चार, आठ, सोळा तुकडे. फकिराचं बोलणं मला आठवत होतं, नुसतं फाडून नाय चालत. तरी फाडत राहिले.

पाणी थांबलं.

"टॉवेल दे गं," आतून महेश म्हणाला.

त्याचाच आवाज. थोडा ओलसर, थोडा घाईचा, रोजच्यासारखा. मी काही विचार न करता दोरीवरचा टॉवेल ओढला. इतक्या वर्षांची सवय. दार चार बोटं उघडलं आणि हात बाहेर आला. डावा हात. पाण्यात फार वेळ राहिल्यावर पडतात तशा बोटांना सुरकुत्या पडलेल्या. मनगटावर महेशचा तीळ. करंगळी पुरी होती. टोकाला नख होतं.

मी टॉवेल छातीशी धरला.

"तुला कुणी घरात घेतलं?" मी विचारलं. माझा आवाज केवढा चढला होता. "हे माझं घर आहे! कुणाला विचारून आलास?"

हात तसाच राहिला. तळवा वर, वाट बघत.

"भाग्यश्री!" भिंतीपलीकडून गोजराकाकूंनी हाक मारली. आमच्याकडे फोन नव्हता. महेशनं कारखान्यात काकूंचा नंबर दिलेला होता. "अगं भाग्यश्री, कंपनीतून फोन हाय. लवकर ये, लय घाई करतायत."

मी हलले नाही. हातावरची नजर काढली तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. आणि फोनपाशी गेले नाही तर अजून काहीच झालेलं नाही, हे मात्र पक्कं माहीत होतं.

"येतेस का नाय? बरं थांब, मीच इचारते."

हाकांचा आवाज आत गेला. न्हाणीघराचं दार हळूहळू लागलं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी मी ते ढकललं. आत कुणी नव्हतं. बादली पालथी होती, सकाळी महेशनं ठेवली तशी, आणि फरशी कोरडी ठणठणीत.

तरी पाण्याचा आवाज आला. तांब्या बादलीत बुडाल्याचा, मग पाणी पडल्याचा. मी मागे वळले, पुन्हा पुढे वळले. मग कळलं, तो भिंतीपलीकडून येत होता. गोजराकाकूंच्या न्हाणीघरातून. पहाटे पाचला रोजची आंघोळ उरकणारी ती बाई भर दुपारी बारा वाजता तांब्यामागून तांब्या पाणी अंगावर ओतून घेत होती. फोन घेतला, ऐकलं, आणि मला पुन्हा एक हाकसुद्धा न मारता आंघोळीला गेली.

मी दोन्ही मुठींनी भिंत बडवली. आधी मला सांगायला हवं होतं. मी त्याची बायको आहे.